पुनर्रोपणानंतरची म्लानता : भाताचे आवण आणि कुंडीतील रोप

जुलै महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्याने राई, मुर्धे, मोर्वे ह्या गावांवरून गेल्यास, जेथे अद्याप भातखाचरे शिल्लक आहेत तेथे, नुकतीच लावणी झालेल्या शेताचे रूप काहीसे केविलवाणे दिसते. आदल्या दिवशी उपटून, जुड्या बांधून आणलेले आवण चिखलात कसेबसे उभे असते. पुष्कळशी रोपे कलंडलेली असतात, पात्यांची टोके वाळतात आणि दोन-तीन दिवसांत सबंध खाचरावर पिवळट छटा पसरते. शेतकरी मात्र ह्या दृश्याने विचलित होत नाही. खाचरात दोन बोटे पाणी राहील एवढे पाहून तो पुढच्या बांधाकडे वळतो. आठवडाभरात बुडख्यातून पांढरी मुळे फुटतात, मधले पान हिरवे होऊन वर येते आणि आवणाने जीव धरला असे म्हणण्यात येते.

ह्याच शहराच्या दुसऱ्या टोकास, मीरा रोडच्या एखाद्या उंच इमारतीच्या सज्जात, ऑक्टोबरमध्ये मिरचीचे रोप लहान प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून मोठ्या कुंडीत लावण्यात येते. दुसऱ्या दिवशी दुपारी रोप मान टाकते. त्यास तहान लागली असावी अशा समजुतीने पाणी घातले जाते. संध्याकाळी पाने किंचित सावरतात, दुसऱ्या दुपारी पुन्हा लोंबतात. पुन्हा पाणी घातले जाते. तिसऱ्या दिवशी रोप अशक्त दिसते म्हणून चमचाभर खत पडते. आठवडा संपतो तोच खोड मातीलगत काळे पडून रोप कोलमडते.

दोन्ही ठिकाणी वनस्पतीवर ओढवलेला प्रसंग मूलतः एकच आहे. फरक आहे तो रोपांच्या अंतर्गत रचनेत आणि त्याहूनही अधिक, माणसाने त्यानंतर काय केले ह्यात. म्लान झालेल्या रोपास काहीतरी द्यावे ही प्रेरणा स्वाभाविक खरी. परंतु अशा वेळी रोपाची निकड नवीन काही मिळण्याची नसून त्याच्याकडून कमी मागितले जाण्याची असते. हे विधान वरवर पाहता विचित्र वाटण्याजोगे असल्याने त्यामागील शरीरक्रिया प्रथम पाहणे इष्ट होय.

रोप पिशवीतून सोडविताना जाड मुळे बहुधा शाबूत राहतात. नष्ट होतात ते मूलरोम. मूलाग्राच्या किंचित मागे असणाऱ्या पट्ट्यात बाह्यत्वचेच्या एकेका पेशीचा हा तंतूसारखा विस्तार असतो. त्याची लांबी सामान्यतः एक मिलिमीटरच्या आसपास व आयुष्य अल्प. तो मातीच्या कणांना इतका घट्ट चिकटलेला असतो की माती हलली की तो तुटतो. ह्या नाजूक अवयवाचे एकूण प्रमाण मात्र थक्क करणारे असते. अमेरिकन शास्त्रज्ञ हॉवर्ड डिटमर ह्यांनी चार महिने वाढविलेल्या राय धान्याच्या एकाच रोपाची मुळे मोजून १९३७ साली जे आकडे प्रसिद्ध केले, त्यांनुसार त्या रोपाच्या मुळांची एकत्रित लांबी सुमारे ६२० किलोमीटर व मूलरोमांची संख्या सुमारे १४०० कोटी भरली. पुनर्रोपणाच्या एका झटक्यात ह्या शोषकपृष्ठाचा मोठा भाग निकामी होतो आणि वरची पाने मात्र जशीच्या तशी राहतात. आदल्या दिवसापर्यंत समतोल असलेला जमाखर्च एका रात्रीत बिघडतो तो असा.

पानांतून होणारा खर्च हवेवर अवलंबून असतो. आयर्लंडमधील डिक्सन व जोली ह्यांनी १८९४ साली मांडलेल्या उपपत्तीप्रमाणे प्रकाष्ठातील पाण्याचा स्तंभ पानांतील बाष्पोच्छ्वासाच्या ओढीने वर खेचला जातो. ही ओढ किती, हे हवेची तहान ठरविते. म्हणजे त्या तापमानास हवेत मावू शकणारी वाफ आणि प्रत्यक्षात असलेली वाफ ह्यांतील तूट. पावसाळ्यातील २७ अंश सेल्सिअस तापमान व ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता धरल्यास ही तूट सुमारे अर्धा किलोपास्कल येते. पाऊस ओसरल्यावर ३४ अंश व ५५ टक्के आर्द्रतेच्या दुपारी ती सुमारे २.४ किलोपास्कल, म्हणजे जवळजवळ साडेचारपट होते. त्यात उंच मजल्यावरचा वारा आणि तापलेल्या भिंतीची धग मिळाली म्हणजे सज्जातील रोपाची स्थिती खाचरातील आवणापेक्षा किती कठीण असते ह्याची कल्पना येईल. जुलैची लावणी यशस्वी होते ह्याचे निम्मे श्रेय शेतकऱ्याच्या कौशल्याइतकेच ढगाळ आकाशाला दिले पाहिजे.

अशा वेळी वनस्पती स्वतः एक उपाय योजते. पाण्याची तूट जाणवताच ॲब्सिसिक अम्ल ह्या वृद्धिनियामकाचे प्रमाण वाढते व पर्णरंध्रे मिटू लागतात. खर्च आटोक्यात येतो. परंतु त्याच रंध्रांतून आत येणारा कार्बन डायऑक्साइडही अडतो, प्रकाशसंश्लेषण मंदावते आणि नवीन मुळे घडविण्यास लागणारी शर्करा दुर्मिळ होते. मुळे नाहीत म्हणून पाने मिटलेली आणि पाने मिटलेली म्हणून मुळांना अन्न नाही, अशा पेचात रोप सापडते. ह्या पेचातून त्यास सोडविणे म्हणजेच त्यास सावरणे होय. पाने ताठ राहून रंध्रे काही काळ उघडी राहतील, पण पाणी फारसे उडणार नाही, अशी हवा त्यास हवी असते. मंद सावली, दमट व स्थिर हवा आणि थोडा अप्रत्यक्ष प्रकाश ह्यांमुळे ते साधते. अंधारी खोली त्यासाठी उपयोगाची नाही.

येथवरचे विवेचन भात व मिरची दोहोंस लागू पडते. पाण्याच्या प्रश्नावर मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

मुळे जिवंत असतात व श्वसन करतात. प्राणवायूचे विसरण हवेत जितक्या वेगाने होते, त्याच्या सुमारे दहा हजारांश वेगानेच ते पाण्यात होते. मातीतील सर्व पोकळ्या पाण्याने भरल्या की तेथील प्राणवायू थोड्याच अवधीत संपतो. भाताच्या मुळांत व खोडांत वायूतक असते. पानांतून आलेली हवा त्या नलिकांतून थेट मूलाग्रापर्यंत जाते, आणि म्हणून भाताला उभे पाणी मानवते. मिरची, वांगी, टोमॅटो, तुळस ह्यांना ही सोय जवळजवळ नाही. त्यांच्या मुळांची श्वसनक्रिया खुंटली की पेशीरस अम्लधर्मी होतो व पेशीपटलातील जलमार्ग, ज्यांच्या शोधाबद्दल पीटर ॲग्रे ह्यांना २००३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, ते मिटतात. असा प्रकार होतो की मूळ पाण्यात बुडालेले असूनही पाणी आत घेऊ शकत नाही. पाने लोंबतात, आणि ते लोंबणे तहानेच्या लोंबण्यासारखेच दिसते. कुंडीतील शोकांतिकेचे मर्म ह्या साम्यात आहे. पाणी घालणाऱ्याची चूक निष्काळजीपणाची नसते, लक्षणाच्या वाचनाची असते.

कुंडी ही लहानशी जमीन नव्हे, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे. जमिनीत अतिरिक्त पाणी खाली खोलवर ओढले जाते. कुंडीच्या तळाशी मात्र माती संपते आणि केशाकर्षणाने धरलेले पाणी तेथेच अडून राहते. ह्या संपृक्त थराची उंची मातीच्या कणांवर अवलंबून असते, कुंडीच्या उंचीवर नव्हे. म्हणून उथळ कुंडीत तो थर मातीचा मोठा भाग व्यापतो. वर्गात हे दाखविण्यास एक भिजलेला आयताकृती स्पंज पुरतो. तो आडवा धरून पाणी गळावयाचे थांबेपर्यंत वाट पाहावी व मग उभा करावा. आणखी पुष्कळ पाणी गळते. पाणी नीट वाहून जावे म्हणून कुंडीच्या तळाशी खडी घालण्याची रूढ पद्धत ह्या दृष्टीने निरुपयोगी ठरते. बारीक मातीतून जाड खडीत पाणी सहज उतरत नाही, त्यामुळे ओला थर खडीच्या वर सरकतो, म्हणजे नेमका मुळांच्या जवळ येतो. भोकावर खापरीचा एक तुकडा माती वाहून जाऊ नये म्हणून ठेवणे वेगळे.

ह्याच नियमाची उलट बाजू रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांत दिसते. ही रोपे हल्ली बहुधा नारळाच्या काथ्याच्या भुशात वाढविलेली असतात. तो भुसकट गोळा तसाच चिकणमातीत बसविला तर बारीक छिद्रांची माती भरड भुशातील पाणी ओढून घेते. सभोवतालची माती ओलीगच्च आणि मुळांचा गोळा कोरडा, अशी विपरीत स्थिती उत्पन्न होते. बोटाने कुंडीच्या कडेची माती चाचपणाऱ्यास ती ओलीच लागते. पहिले आठ दिवस पाणी थोडेथोडे व खोडाजवळच, म्हणजे मूळ गोळ्यावरच, द्यावे असे जे सांगण्यात येते त्याचे कारण हे.

तेव्हा म्लान रोप समोर असता पहिले काम निदानाचे आहे, आणि त्यास कोणतेही उपकरण लागत नाही. रोप पहाटे पाहावे. दुपारी लोंबलेले रोप पहाटे ताठ असेल तर मुळे काम करीत आहेत, फक्त पुरी पडत नाहीत. सावली द्यावी व अन्य काही करू नये. पहाटेही लोंबलेले असेल तर कुंडी उचलून पाहावी. हलकी लागल्यास तहान खरी आहे, आणि त्यावर पाणी हाच उपाय. जड कुंडीतील रोप पहाटे लोंबलेले असणे हे धोक्याचे चिन्ह होय. अशा वेळी कुंडी तिरपी करून मातीसह रोप हलकेच बाहेर काढून मुळे पाहण्यास कचरू नये. पांढरी व कडक मुळे असल्यास ओल कमी होईपर्यंत थांबावे. तपकिरी, बोटांत धरताच साल निसटणारी व आंबूस वासाची मुळे असल्यास कुज सुरू झाली आहे. तितका भाग कापून रोप लहान कुंडीत, भरड रेती मिसळलेल्या मोकळ्या मातीत बसवावे. मोठ्या कुंडीत मुळांच्या आवाक्याबाहेरची माती दिवसेंदिवस ओलीच राहते. म्हणून कुंडी एकदम मोठी करण्याची हौस रोपास महाग पडते.

किनारपट्टीच्या ह्या प्रदेशात क्षारांचा प्रश्न वेगळा उभा राहतो. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि मधल्या सखल भागात खाजण व मिठागरे अशी मीरा-भाईंदरची मूळ भूरचना आहे. अशा ठिकाणची भरावाची माती कुंडीत आली तर तिच्यात मीठ असणे अशक्य नाही. मास व हॉफमन ह्यांनी १९७७ साली दिलेल्या कोष्टकानुसार उत्पन्न घटू लागण्याची क्षारमर्यादा, मातीच्या संपृक्त अर्काच्या विद्युत्वाहकतेत, भातासाठी ३.०, टोमॅटोसाठी २.५ व मिरचीसाठी अवघी १.५ डेसिसीमेन्स प्रति मीटर आहे. समुद्राच्या पाण्याची सुमारे ५० असते. मूलरोम गमावलेल्या रोपाची सहनशक्ती ह्याहूनही कमी समजली पाहिजे. कुंडीच्या कडेवर पांढरी साय धरणे हे क्षारांचे सहज दिसणारे लक्षण होय. निचरा चांगला असेल तर कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट गोडे पाणी सावकाश घालून ते तळातून वाहू द्यावे; निचरा नसेल तर माती बदलणेच बरे.

खताचा अनर्थ ह्याच सदरात मोडतो. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम युरिया विरघळविल्यास त्या द्रावणाचा तर्षणदाब सुमारे दोन वातावरणे होतो. कुंडीतील निम्मे पाणी उडून गेल्यावर तो दुप्पट होतो, आणि युरियापासून मातीत तयार होणारा अमोनिया कोवळ्या मुळांना पोळतो तो वेगळाच. दोन वातावरणांचा दाब धडधाकट रोपास भारी नाही. परंतु आधीच ओढाताण सोसणाऱ्या रोपाला तो पाणी नाकारल्यासारखाच आहे. नवीन पान उलगडेपर्यंत खत देऊ नये. नवीन पान हे खाली नवीन मुळे आल्याचे बऱ्यापैकी विश्वसनीय प्रमाण होय.

मुळांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पौष्टिक द्रवांच्या बाबतीत एक बोधप्रद इतिहास आहे. १९३७ साली जेम्स बॉनर ह्यांनी वाटाण्याची तोडलेली मुळे कृत्रिम माध्यमात वाढविताना थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, त्यांना आवश्यक असल्याचे दाखविले. लगोलग अमेरिकेत हे जीवनसत्त्व पुनर्रोपणाचा रामबाण उपाय म्हणून विकले जाऊ लागले. पुढे १९४० नंतरच्या दशकात प्रत्यक्ष रोपांवर झालेल्या प्रयोगांत त्याचा उपयोग दिसला नाही, आणि त्यात नवल नव्हते. अखंड रोपाची पाने हे जीवनसत्त्व स्वतःच तयार करून मुळांना पाठवितात. बॉनर ह्यांच्या मुळांना पानेच नव्हती. प्रयोगशाळेतील निष्कर्ष त्याच्या अटींपासून सुटा करून बाजारात नेल्यास काय होते ह्याचा हा नमुना म्हणता येईल. बाटलीवरील नाव मात्र अजून टिकून आहे.

पाने छाटून खर्च कमी करावा की नाही ह्याविषयी मतभेद आढळतात. भाताच्या आवणाचे शेंडे लावणीपूर्वी खुडण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे आणि तिचा एक लाभ निर्विवाद आहे : पानांच्या टोकांवर खोडकिड्याने घातलेली अंडी त्याबरोबर नष्ट होतात. भाजीच्या रोपाची निरोगी पाने छाटणे मात्र शहाणपणाचे नव्हे, कारण नवीन मुळांना लागणारी शर्करा व ऑक्झिन ही दोन्ही पानांतून व कोंबांतूनच खाली येतात. फुले व फळे खुडावीत. पाने ठेवावीत आणि हवा बदलावी. रोपावर पारदर्शक पिशवी सैल उपडी घालून ती उन्हापासून दूर ठेवावी, दोन दिवसांनी रोज थोडा वेळ उघडावी व आठवडाभरात काढून टाकावी. उन्हात अशी पिशवी ठेवल्यास रोप शिजते. शेतात हेच काम मिरचीच्या रोपाजवळ पश्चिमेच्या बाजूस खोचलेली पानाळ डहाळी करते आणि तिला खर्च येत नाही.

मुळांची हानी होऊ न देणे अर्थातच सर्वोत्तम, आणि तेथे रोपाच्या वयाचा विचार येतो. मादागास्करमध्ये आँरी द लोलानिए ह्या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूने १९८० नंतरच्या दशकात विकसित केलेल्या भातपद्धतीत केवळ ८ ते १२ दिवसांची, दोन पानांची रोपे दाण्यासह उचलून लगेच लावतात. दाण्यातील अन्नसाठा अद्याप संपलेला नसल्याने त्यांना बसणारा धक्का नाममात्र असतो. ही पद्धत सर्वत्र लागू करावी असे मात्र म्हणता येणार नाही. भाताचे कोवळे रोप क्षारांना फार हळवे असते. म्हणून खारजमिनीत उलट ३५ ते ४० दिवसांचे वाढलेले आवण व एका चुडात जास्त रोपे लावणे हितावह समजतात. रोप जुने असल्याने म्लानता अधिक काळ टिकते हे खरे, पण ती मिठाने मरण्यापेक्षा बरी. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने दिलेले पनवेल-१, २ व ३ हे वाण आणि त्यापूर्वीचे काळा राता, भुरा राता हे ह्याच अडचणीवरचे उत्तर. कोकणच्या खाजणांत रहू पद्धतीने, म्हणजे मोड आणलेले बी पावसाने मीठ धुऊन गेल्यावर चिखलात फेकून, लावणीच टाळण्याचीही रीत आहे.

खाडीकाठच्या कांदळाने हा प्रश्न आणखी निराळ्या रीतीने सोडविला आहे. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते आणि हातभर लांबीचा हिरवा कोंब फळातून खाली लोंबत राहतो. चिखलात गळून पडताना त्यास मुळे नसतात, तेव्हा तुटावयाचे मूलरोमही नसतात. पानेही उलगडलेली नसतात, तेव्हा पाण्याचा खर्च नसतो. त्या कोंबात साठविलेल्या अन्नावर आधी मुळे फुटतात आणि पानांची पहिली जोडी त्यानंतर उघडते. लागवडीसाठी असे पक्व कोंब गोळा करून थेट चिखलात खोचता येतात. तिवराचे बी लहान असल्याने त्याची रोपे पुष्कळदा पिशवीत वाढवावी लागतात, आणि तेथे पिशवी ओढून न काढता पात्याने उभी चिरून मातीचा गोळा न फोडता चिखलात बसवावा लागतो.